चाळीस पावलं

शनिवार, ८ मार्च

ताई,

वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना सुरुवातीला काय लिहायचं ते तूच मला शिकवलं होतंस, आणि नेमकं तेच मी विसरलोय. तेव्हा नुसता नमस्कार घे. पत्ता डेपोमागच्या घराचाच असेल असं धरून टाकतोय.

परवा गुरुवारी तळ्यापाशी जे झालं त्याबद्दल लिहायचं आहे. तू मनाला लावून घेतलं असशील, म्हणून आधी माझं काम समजावून सांगतो.

मी समुपदेशक आहे हे तुला माहीत आहे, पण मी खोलीत बसत नाही. आमच्या केंद्रात खोल्या आहेत, खुर्च्या आहेत, कागदी रुमालांचे डबेसुद्धा आहेत. माझे लोक मात्र माझ्याबरोबर चालतात. तळ्याभोवती पायवाट आहे, अडीच किलोमीटरची. माझ्या पायाने एका फेरीला पन्नास मिनिटं लागतात, म्हणजे बरोबर एक बैठक. समोरासमोर बसवलं की माणसाच्या तोंडाला कुलूप लागतं. शेजारी शेजारी चाललं, नजर झाडांवर नाहीतर पाण्यावर असली, की तोच माणूस आपणहून बोलू लागतो. आम्ही त्यांना पेशंट म्हणत नाही, सोबती म्हणतो.

आता उघड्यावर काम म्हटलं की कोणीही समोर येणार. सोबत्याचा साहेब येईल, सासू येईल. म्हणून ओळखीचं कोणी भेटलं तर काय करायचं ते आम्ही पहिल्याच दिवशी ठरवतो. कोण कोणाबरोबर चालतंय आणि का, हे तिसऱ्याला कळता कामा नये. आमच्या धंद्यात याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

अशा वेळी तू बाकावरून उठून आलीस. करडा स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी. 'ढब्बू' म्हणालीस. एकोणपन्नास वर्षांच्या माणसाला, भर रस्त्यात. माझ्याबरोबर एक बाई चालत होत्या, त्यांना आपण गुरुवारच्या बाई म्हणू. त्या दचकल्या. तू म्हणालीस, "अरे ढब्बू, मी," आणि आमच्या शेजारून चालायला लागलीस. तेव्हा मी म्हणालो, "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, बाई." तू थांबलीस. मी पुढे गेलो. मागे वळून पाहणं मला शक्य नव्हतं.

हे कामाचा भाग म्हणून समजून घे. सहा वर्षांत तुझा फोन नाही, चिठ्ठी नाही, आणि आलीस ती थेट माझ्या कामाच्या मध्ये. आधी कळवलं असतंस तर मी वेळ काढला असता. दोन बस बदलून आलीस म्हणजे काहीतरी काम असणार. काय ते कळव.

तुझा
धाकटा

शुक्रवार, १४ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येईल अशी खात्री नव्हती, पण रोज टपालपेटी उघडून पाहिली.

आठ तारखेचं पत्र मी पाकिटात घालण्याआधी दोनदा वाचलं होतं आणि ते मला चांगलंच पटलं होतं. काल पुन्हा आठवून पाहिलं तर पटेना. म्हणून हे लिहितोय.

नियमाचं सांगतो. आम्ही नव्या सोबत्याला एक कार्ड देतो, पोस्टकार्डाएवढं. ते मीच लिहिलंय, केंद्रातल्या सगळ्यांना त्याचं कौतुक आहे. त्यावर चारच ओळी आहेत. पहिली, तुमच्या ओळखीचं कोणी भेटलं तर मी कोण हे तुम्ही सांगाल ते, मी गप्प राहीन. दुसरी, तुम्हाला थांबावंसं वाटलं तर न सांगता थांबा. तिसरी, माझ्या ओळखीचं कोणी भेटलं तर मी त्यांना ओळख दाखवीन, हात वर करून 'नंतर बोलू' म्हणेन आणि आपण पुढे जाऊ. चौथी पावसाबद्दल आहे.

तिसरी ओळ पाहिलीस ना? ओळख दाखवीन, असं आहे. माझ्याच हाताने लिहिलेलं. भाजीवाला भेटतो, जुने सोबती भेटतात, आमच्या इमारतीचा रखवालदार त्याच्या कुत्र्याला घेऊन रोज भेटतो. मी सगळ्यांना हात वर करतो. त्या कुत्र्यालासुद्धा करतो. तुला 'नंतर बोलू ताई' म्हणायला मला तीन शब्द लागले असते. मी 'बाई' म्हणालो. ते म्हणण्याआधी मी तुझ्याकडे नीट पाहिलंही होतं, तेव्हा चुकून तोंडातून गेलं असंही म्हणता येत नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट मुद्दाम लिहिली नाही. फेरी संपल्यावर, गुरुवारच्या बाई गेल्यावर, मी बाकापाशी परत आलो होतो. तू नव्हतीस. तुझा थर्मास बाकाखाली राहिला होता, निळा, पट्टा पडद्याच्या कापडाने दुरुस्त केलेला. टाके तुझेच, पाहूनच कळलं. तो माझ्या टेबलावर आहे. मी बसस्टॉपपर्यंत गेलो नाही. गेलो असतो तर तू कदाचित तिथे असतीस, आणि मला तेच नको होतं.

काल पुन्हा गुरुवार होता. गुरुवारच्या बाई वेळेवर आल्या आणि पूर्ण फेरी एक शब्द बोलल्या नाहीत. गप्प राहणं हे आमच्याकडे चालतं, त्याला मी एरवी घाबरत नाही. काल मात्र मी दोनदा घड्याळ पाहिलं. बाकाजवळून जाताना त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. त्यांच्याबद्दल याहून जास्त मी लिहू शकत नाही, गुप्ततेचा प्रश्न आहे.

बघ, पुन्हा तेच. अडचण आली की मी गुप्ततेच्या मागे जाऊन उभा राहतो.

ढब्बू

गुरुवार, २० मार्च

ताई,

आज सगळं लिहितो. गुरुवारच्या बाईंनी त्यांच्याबद्दल लिहायची मला परवानगी दिली आहे. परवानगी कसली, हुकूमच आहे. आज बाकापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही त्यांना पत्र लिहिताय की नाही?"

मी म्हणालो, दोन लिहिली.

"त्यात माझं काय लिहिलंत?"

"काहीच नाही. ते नियमात..."

"तर मग लिहा. माझं नाव सोडून सगळं लिहा. माझ्या आड लपू नका."

त्यांनी एका शाळेत तीस वर्षं कवायत शिकवली. आवाज अजून मैदानावरचा आहे, समोरची बदकं उडून गेली. मागच्या वर्षी त्यांची धाकटी बहीण गेली. दोघी एकाच घरात राहायच्या, दोघींचीही लग्नं झाली नव्हती. बहीण गेल्यावर या रडल्या नाहीत, कोणाशी बोलल्या नाहीत, जेवणाचं ताट दोघींचं वाढायच्या आणि दोन्ही तशीच उचलून ठेवायच्या. भाचीने त्यांना माझ्याकडे पाठवलं. पहिल्या दोन फेऱ्यांत त्या हवेबद्दल बोलल्या. तिसऱ्या फेरीला जानेवारीत मी त्यांना आपली गोष्ट सांगितली.

आपली म्हणजे तुझी आणि माझी. मी ती पुष्कळदा सांगतो. सहा वर्षांचा असताना भिंतीवरून पडून माझा पाय मोडला, प्लॅस्टर काढल्यावर तो बोटभर आखूड निघाला, आणि मी तो जमिनीला टेकवायलाच तयार नव्हतो. ताई तेरा वर्षांची. तिने मला रोज संध्याकाळी काखेत धरून दारापासून कोपऱ्यावरच्या झाडापर्यंत नेलं. चाळीस पावलं. ती मोठ्याने मोजायची. मी रडायचो, चावायचो, ती मोजत राहायची. माझ्या पावलाशी पाऊल जुळवून ती इतकी चालली की लोक विचारायचे, दोघांतला लंगडा कोण. मी लोकांना घेऊन चालतो ते तिच्यामुळे.

इथवर सगळं खरं आहे. सोबती ऐकतात, आणि मग ते स्वतःचं सांगू लागतात. म्हणून मी सांगतो.

आणि मग ते विचारतात, "ताई आता कुठे असतात?"

पहिल्यांदा एका म्हाताऱ्या टपालवाल्याने विचारलं होतं, तू मला दारातून परत पाठवलंस त्याच्या पुढच्याच महिन्यात. त्याला मी काय सांगणार होतो? म्हणालो, "ती नाही आता." त्याने माझा हात धरला आणि आम्ही थोडा वेळ तसेच चाललो. ताई, मला त्या वेळी बरं वाटलं. नंतर मग तसंच सांगत गेलो. अकरा-बारा जणांना सांगितलं असेल. सांगता सांगता आजारही ठरला, महिनाही ठरला.

गुरुवारच्या बाईंनी सरळ विचारलं, "गेल्या?" मी म्हणालो, "हो. सहा वर्षं झाली." तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या. मला वाटलं, आज काम छान झालं. त्या दिवसाच्या नोंदीत मी तसं लिहिलंसुद्धा आहे.

आता कळलं असेल की त्या दिवशी मला तुला ओळख का दाखवता आली नाही. नियमबियम काही नव्हतं. माझ्या एका बाजूला तू होतीस आणि दुसऱ्या बाजूला जिला मी तू मेल्याचं सांगितलं होतं ती बाई. मला एकीला खोटं पाडायचं होतं. मी तुला पाडलं, कारण तू घरची होतीस.

आज त्या म्हणाल्या, "तुमची पावलं एक लांब, एक आखूड अशी पडतात. पहिल्या दिवसापासून बघतेय, मला दुसरं काही बघायला येतच नाही. त्या बाई बाकावरून उठून आल्या तेव्हा सरळ चालत आल्या. तुमच्या शेजारी आल्या आणि त्यांचीही तशीच पडायला लागली. एक लांब, एक आखूड. सहा-सात पावलं. मग तुम्ही बोललात आणि त्या थांबल्या."

मी म्हणालो, "योगायोग असेल."

"दोघांतला लंगडा कोण, हे तुम्हीच मला सांगितलं होतं."

त्या बाकावर बसल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत, मी उभाच राहिलो, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. मग त्या हळू आवाजात बोलल्या, आणि तो आवाज मला जास्त लागला. "माझ्या बहिणीसाठी मला रडू येत नव्हतं. तुमच्या बहिणीसाठी आलं. घरी जाऊन आठवडाभर रडले. त्यातूनच मग माझं मोकळं झालं. आता त्या रडण्याचं मी काय करू, सांगा."

वीस वर्षं या कामात आहे, कोणालाही काहीतरी सांगू शकतो. त्यांना काही सांगू शकलो नाही.

जाताना त्या म्हणाल्या, तुझ्याकडे पत्र पोचल्याशिवाय त्या माझ्याबरोबर चालणार नाहीत. हे ते पत्र.

ढब्बू

गुरुवार, २७ मार्च

ताई,

आज गुरुवार असून मी चाललो नाही.

सोमवारी केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत आणि मला 'सर' म्हणायच्या. ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुमच्या फेऱ्या सध्या बंद. ज्यांना ज्यांना हे सांगितलंत त्यांना तुम्ही स्वतः कळवायचं. मजकूर मला आधी दाखवायचा." या वेळी 'सर' म्हणाल्या नाहीत. गुरुवारच्या बाईंना त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे. मी आतल्या खोलीत जुन्या फायली लावतोय. बूट टेबलाखाली आहेत. खिडकीतून पायवाटेचा एक तुकडा दिसतो, तिकडे पाठ करून बसतो.

अकरा पत्रं लिहून झाली. बारावं त्या टपालवाल्याला लिहायचं होतं, पण तो मागच्या वर्षी वारला. त्याने तुझ्यासाठी हात धरला होता आणि ते खोटं होतं, हे त्याला आता कधीच कळणार नाही. मला आधी वाटलं, चला, एक तरी सुटलं. मग अशी सुटका वाटल्याची लाज वाटली.

तुला अजून एक सांगायचं राहिलंय. हे गुरुवारच्या बाईंना माहीत नाही, कोणालाच माहीत नाही.

बाबा गेले तेव्हा मी डोंगरातल्या शिबिराला होतो. बारा जणांना घेऊन तीन दिवस. तुला सांगितलं होतं की तिथे रेंज नव्हती. परत आलो तोवर सगळं उरकलं होतं, आणि तू दारात उभी राहून म्हणालीस, "आजपासून तुला बहीण नाही असं समज." मी ते मनात धरून बसलो. तू अन्याय केलास, रेंज नसण्यात माझा काय दोष, असं सहा वर्षं स्वतःला ऐकवत होतो. तुला मेलेली म्हणताना हेच मनात असायचं, की तिनेच तर सांगितलंय.

रेंज होती, ताई. शनिवारी सकाळी मी फोन सुरू केला होता. तुझे नऊ फोन येऊन गेलेले दिसले. मला कळलं काय ते. बाबांना तीन वर्षं तू एकटीने उचललंस, अंग पुसलंस, शिवणकाम घरी आणून रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसलीस, आणि मी महिन्यातून एकदा येऊन तुला 'स्वतःची काळजी घे' असं सांगून जायचो. मला वाटलं, फोन उचलला तर जावं लागेल, त्यांच्याकडे बघावं लागेल, तुझ्याकडे बघावं लागेल. मी फोन बंद केला. मग त्या बारा जणांना गोल बसवून आपल्या माणसांना वेळ कसा द्यावा यावर बोललो. ते सगळे भारावून गेले होते.

मला माझीच शिसारी येते. हे वाक्य सोबती माझ्याजवळ म्हणतात तेव्हा मी त्यांना म्हणतो, स्वतःशी जरा मवाळ वागा. आता वाटतं, काही वेळा मवाळ वागण्याची माणसाची पात्रता नसते.

जिवंत बहिणीची गोष्ट सांगितली असती तर लोकांनी विचारलं असतं, भेटता का, कशा आहेत. त्याचं मला उत्तर द्यावं लागलं असतं. मेलेल्या माणसाला भेटायला का गेला नाहीस, असं कोणी कधी विचारत नाही. म्हणून मी तुला मारलं. याच्यापेक्षा मोठं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

थर्मासचंही सांगून टाकतो. त्यात दोन कप होते, एकात एक बसवलेले. तू दोन कप आणले होतेस. चहा कोमट होता. बाकावर बसून मी तो सगळा प्यालो, आधी एका कपातून, मग दुसऱ्या.

माफ कर असं म्हणत नाही. ते म्हणायला तुझ्यासमोर यायला हवं आणि तू येऊ दिलंस तरच येईन. तू कशासाठी आली होतीस तेवढं मात्र मला कळलं पाहिजे. आजारी आहेस का? काही मागायला आली होतीस का? तीन आठवडे हाच विचार डोक्यात आहे. एक ओळ लिही. 'लिहिणार नाही' असं लिहिलंस तरी चालेल.

ढब्बू

शनिवार, ५ एप्रिल

ढब्बू,

चारही पत्रं मिळाली. पहिलं फाडलं होतं. दुसरं आलं तेव्हा पहिलं चिकटवलं, सगळे तुकडे मिळाले नाहीत. चौथं वाचून चार दिवस पेन हातात घेतलं नाही. फोनचं मला माहीत नव्हतं. रेंज नव्हती हे मला खरंच वाटलं होतं, आणि दारात तुला तसं बोलले म्हणून सहा वर्षं मीच स्वतःला खात होते. ते माझं खाणं फुकट गेलं. तुझ्या त्या कवायतीच्या बाईंना सांग, असं फुकट गेलेलं पुष्कळांकडे असतं, त्याचं काही करायचं नसतं.

आजारी नाही. गुडघे कुरकुरतात, ते सगळ्यांचे कुरकुरतात. काही मागायला आले नव्हते.

मागच्या हिवाळ्यात आमच्या दुकानात एक बाई पडद्यांचं माप द्यायला आली होती. मी मागच्या खोलीत कापड बेतत होते. तिला बोलायची हौस. म्हणाली, मी एका सरांबरोबर तळ्याकाठी चालते, फार चांगले आहेत, जरा लंगडतात. मग तिने मला तुझी गोष्ट सांगितली. पाय, दार, झाड, चाळीस पावलं. दोघांतला लंगडा कोण, तेही सांगितलं. सांगताना तिचे डोळे भरले. म्हणाली, बिचारी ताई अकाली गेली हो. कात्री माझ्या हातात होती, ती तिरकी गेली. दोन मीटर कापड वाया गेलं. मी म्हटलं, अरेरे.

दुसरं काय म्हणणार होते?

राग आला तो आलाच. पण त्या बाईने दुसऱ्या खेपेला पडदे न्यायला आल्यावर तीच गोष्ट पुन्हा सांगितली आणि मी पुन्हा ऐकली. मुद्दाम विचारून ऐकली. ढब्बू, तू माझ्याबद्दल इतकं चांगलं कधी माझ्या तोंडावर बोलला नाहीस. पाय बरा झाल्यावर नाही, बाबांच्या वेळी तर नाहीच. मी घरात जिवंत बसलेली आणि माझं सगळं कौतुक तिकडे तळ्याकाठी चाललेलं. म्हणून आले होते. भांडायला नाही, रडायला नाही. ती गोष्ट एकदा तुझ्या तोंडून ऐकायची होती. चहा त्यासाठीच आणला होता, ऐकताना प्यायला.

गोष्टीत एक चूक आहे, ती दुरुस्त कर. ती चाळीस पावलं नव्हती. परवा टेप घेऊन मी दारापासून झाडाच्या बुंध्यापर्यंत मोजलं, तुझ्या त्या वेळच्या पावलाने सत्तरच्या वर भरतात. चाळीसच्या पुढे गेलं की तू खाली बसायचास. म्हणून मी मधले आकडे पुन्हा पुन्हा मोजायचे. पंधरानंतर पुन्हा अकरा, सव्वीसनंतर पुन्हा वीस. तू रडत असायचास, तुला कळायचं नाही. त्या दिवशी तू 'बाई' म्हणालास आणि मला बसस्टॉप दिसत होता पण पाय उचलत नव्हते. तेव्हा तसंच मोजत गेले, तेच आकडे पुन्हा पुन्हा. चाळीसला स्टॉप आला.

येत्या गुरुवारी नऊला येते. तुझं काम बंद आहे ते बरंच आहे, घड्याळ बघावं लागणार नाही. थर्मास धुऊन आण, चहा या वेळी तू कर. पूर्ण फेरी मला झेपेल असं वाटत नाही, जमेल तेवढं चालू. माफीचं आत्ताच मला विचारू नकोस, मला अजून माहीत नाही.

आणि वाटेत कोणी भेटलं, तो रखवालदार, त्याचा कुत्रा, तुझ्या डॉक्टरीणबाई, कोणीही, तर मी कोण आहे ते तू सांगायचंस. मी गप्प राहीन.

ताई